कार्डावरचं नाव

सकाळी सून दारातून ओरडली, "ए विजय, डबा राहिला!" नवऱ्याचं नाव गल्लीभर ऐकू गेलं आणि ती हसत परत आली. मी भाजी निवडत होते. देठ हातातच राहिला.

आमचे हे पलटणीबरोबर परदेशी होते, तेव्हा तिकडच्या जवानांसाठी फौजेचं रेडिओ केंद्र होतं. घरून कार्ड टाकलं की जवानाचं नाव वाचून गाणं लावत. चौथी शिकलेली मी, अक्षर घोटून घोटून तीन कार्डं टाकली. पण नवऱ्याचं नाव कसं लिहायचं? तिन्ही कार्डांवर लिहिलं, "विजयच्या बाबांसाठी." तिथल्या माणसाला विजय कोण ते काय ठाऊक, हे मला सुचलंच नाही.

हे सुट्टीवर आले. मी पाणी द्यायला गेले तर म्हणाले, "सगळ्यांच्या बायकांची कार्डं आली. मी रोज रेडिओला कान लावून बसायचो. तुला एवढंही जमलं नाही होय गं?"

सासूबाई म्हणाल्या, "तिला कशाला बोलतोस? तिला काय कळतंय!"

मी तांब्या उचलून आत आले. कार्ड न आल्याचं हे कधी विसरले नाहीत, आणि तीन टाकली होती ते मी कधी सांगितलं नाही.

आता ते केंद्र नाही, हेही नाहीत. सून म्हणते, "आई, घ्या की बाबांचं नाव. आता कोण रागावणार?"

खरंच, कोणी नाही. ऐकायलाही कोणी नाही.

हे सगळं लिहितेय ती वही मी कुणाला दाखवत नाही. तरी तिच्यातही ते नाव लिहिलेलं नाही.