आबांचं मत आणि पाटलांचं खाचर

निवडणूक आली की नातवंडं म्हणतात, "आजी, एवढा मोठा देश, इतक्या जातीधर्मांची माणसं, तरी चाललंय की नाही?" चाललंय बाबांनो. पण मतदानाच्या दिवशी मला अजून धास्ती वाटते.

कार्ल्याच्या खालच्या अंगाला आमचं गाव. माझे वडील, म्हणजे आबा, पाटलांचं भाताचं खाचर वाट्यानं करायचे. आमच्या घरातला वर्षाचा तांदूळ तेवढाच. त्या साली पाटलांचा मेव्हणा तालुक्याच्या निवडणुकीला उभा राहिला. गावची रीत अशी, की मतदानाआधी देवळात घरटी एकानं बेलभंडार उचलायचा आणि शपथ घ्यायची, मत गाव ठरवील त्यालाच. शपथ मोडणारा वाळीत.

आम्ही तोवर बौद्ध झालेलो. आबा पायरीखालनंच म्हणाले, "पाटील, आमी देव सोडला. भंडार कसा उचलू?"

"ऱ्हाऊ दे," म्हणून पाटील हसले. ते हसू मला मुळीच आवडलं नाही.

आमच्या वस्तीला दुसरा उमेदवार हवा होता, कारण त्यानं विहीर कबूल केली होती. माझं मताचं वय झालं नव्हतं, पण तोंड होतंच. "घाबरता कशाला? मत गुप्त असतं!" मी आबांना रोज डिवचायची. आई म्हणायची, "मत गुप्त असंल, खाचर उघड्यावर हाय."

तालुक्याला, वडगावला, गावागावची पेटी वेगळी मोजली. मेव्हणा पडला. आणि आमच्याच गावच्या पेटीत दुसऱ्याला आमच्या अख्ख्या वस्तीपेक्षा कितीतरी जास्त मतं निघाली. म्हणजे भंडार उचलणारेच फिरले होते! मी तर नाचलेच. "आबा, जिंकलो की आपण!"

आबा ओट्यावर डोकं धरून बसलेले. "कसलं जितलो, पोरी. त्यात माजं मत न्हाई, तुज्या आईचं बी न्हाई. खाचरापायी आमी पाटलाच्याच माणसाला दिलं."

मला राग आला, आणि रागापेक्षा भीती जास्त वाटली; भंडार न उचललेले आम्हीच, आळ आमच्यावरच येणार.

दुसऱ्या दिवशी बोलावणं आलंच. मी मागोमाग गेले. देवळापुढं सगळा गाव जमलेला, शपथ मोडणारेही त्यातच, साळसूदासारखे उभे. आपल्या भाऊबंदांवर बोट कोण ठेवणार? पाटील आबांना म्हणाले, "तूच गाव फितवलंस."

"न्हाई पाटील. मत तुमच्याच माणसाला दिलंय."

"कशावरनं?"

आता दाखवायचं काय, कप्पाळ? मत गुप्त!

पाटलांनी भंडाराचं ताट पुढं सरकवलं. "मग ह्यो उचल आन् सांग. खाचर तुजंच."

आबा खरंच तर बोलत होते. एक चिमूट उचलायची, की सुटका. मी मनात नुसता धावा करत होते, उचला आबा, उचला. त्यांचा हात पुढं झाला आणि मागं आला.

"देव सोडलाय, पाटील," आबा म्हणाले.

त्या वर्षी आमचं खाचर दुसऱ्यानं केलं. त्याच्याकडं लावणीला आई आणि मी रोजानं गेलो.