गोदाकाठच्या उसात, कांताच्या गोळ्या घेऊन

ऊसतोडीच्या टोळीतला एक माणूस ज्वारी न्यायला पेडगावला आला होता. आमच्या ओट्यावर पाणी पिता पिता म्हणाला, "अक्का, तुमची कांता परत झोपलीया. अंग तव्यावानी तापायलंय." मी तव्यावरची भाकरी उतरवली आणि पिशवी भरायला घेतली. हे म्हणाले, "अगं, निदान जेवून तरी जा." ती भाकरीच बांधून घेतली.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. कांता माझी धाकटी बहीण, गावातच दिलेली. दिवाळीआधी तिला मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉईड झाला होता. परभणीच्या डॉक्टरांनी कॅप्सूल दिल्या, ताप उतरला, आणि उरलेल्या कॅप्सूल घेऊन ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेली. तोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकट्या गड्याला मुकादम घेत नाही. निघताना माझ्या डोक्यावर हात ठेवून बोलली होती, सगळ्या घेईन म्हणून.

सकाळच्या पॅसेंजरनं आधी परभणी गाठली. नामांतराच्या मोर्च्यामुळं बाजार बंद होता, पण औषधाच्या दुकानाचं शटर अर्धं उघडं होतं. कांताचे डॉक्टर आधी माझ्यावरच चिडले. पेशंट न बघता औषध कसं देऊ, म्हणाले. मी हललेच नाही. शेवटी त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि बजावलं, "हा आतड्याचा आजार आहे. अर्धवट सोडला की उलटतो, आतड्याला भोक पडतं, माणूस हातचा जातो. नुसत्या गोळ्या पोचवून उपयोग नाही, त्या पोटात गेल्या पाहिजेत. पोट कडक झालं, संडासातून रक्त दिसलं, तर तडक इथं घेऊन या." दुकानातून नव्या कॅप्सूल घेतानाच मी ठरवलं, शेवटची कॅप्सूल तिच्या नरड्याखाली उतरेपर्यंत घरी यायचं नाही.

सेलूची गाडी परत पेडगाववरूनच जाते. तेव्हा मीटरगेज होती, डुलत डुलत चालायची. खिडकीतून आमचं लिंबाचं झाड दिसलं, पण उतरले नाही. शेजारच्या म्हातारीनं चौकशी केली आणि सल्लाही दिला, "ताप उतरल्यावर कशाला गं गोळ्या? गरम पडत्यात." मी म्हटलं, "मावशी, उतरला म्हणून सोडल्या की परत चढतो." तिनं तोंड फिरवलं, ते मानवत रोडपर्यंत.

सेलूत कापसाच्या गाड्यांची रांग जिनिंगपासून थेट रस्त्यापर्यंत आली होती, सगळ्या गावावर पांढरी धूळ. स्टँडवर कांदाभजी खाल्ली, फार चांगली. त्या बाजूला जाणार असाल तर जरूर खा, पण पाणी घरचं न्या, हे मी तेव्हापासून सांगत आलेय. पाथरीची एसटी उभ्यानं काढली. पुढं उसाच्या रिकाम्या बैलगाडीत बसून गोदाकाठ गाठला तेव्हा कंबर माझी राहिली नव्हती.

कोपीत, म्हणजे उसाच्या पाचटाच्या खोपटात, कांता गोधडीखाली कुडकुडत होती. ओठ पापडले होते. बाहेर तिचा बैल पाखऱ्या मात्र मजेत वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, खात होता.

"गोळ्या घेतल्यास?"

तिनं दाराबाहेर बघितलं. तिचा नवराही बैलाकडं बघायला लागला.

"कांते, मी काय विचारलं?"

"पाखऱ्याला हगवण लागली होती, अक्का. लय वाळला. मला तर बरं वाटायलं होतं. डॉक्टरच म्हणला न्हवं, औषध आतड्याचं हाय? मंग आतडं त्याला बी हाय की. भाकरीत घालून चारल्या."

मला हसावं का तिच्या थोबाडीत द्यावी कळेना. रडू आलं, ते मी लपवलं नाही. बैल गेला तर गाडी बंद, हे मलाही समजत होतं. पण बैल बरा झाला तो औषधानं की आपोआप, देव जाणे, आणि माझी बहीण डोळ्यांसमोर मरायला लागली होती.

पहिली कॅप्सूल मी उकळून गार केलेल्या पाण्याबरोबर दिली. "आता जीभ वर कर." तिनं रागानं केली. पोट चाचपलं, मऊ होतं.

नवरा चाचरत म्हणाला, "अक्का, ती पडून ऱ्हायली तर मुकादम आमचा कोयता काढतो. उद्या तिला ऊस तोडायला फडात यावंच लागतंय."

"ती येणार न्हाई. मी येते."

"तुमच्यानं व्हायचं न्हाई."

"पाव्हणं, मोळी बांधायची कशी तेवढं दाखवा."

पहिल्या दिवशी माझ्या मोळ्या वाटेतच सुटत होत्या आणि सगळा फड हसत होता. पाचटानं हात-तोंड चिरलं. तरी दिवसातून चार वेळा फडातून कोपीवर जायचं, पदराची गाठ सोडायची, कॅप्सूल द्यायची, जीभ बघायची. कॅप्सूलची पुडी तिच्या हाती दिलीच नाही. ताप उतरला तशी कांता म्हणाली, "बास की आता, तू बी घरी जा." मी म्हटलं, खरं औषध आता सुरू झालंय. शेवटी शेवटी माझी मोळी सुटेनाशी झाली. शेवटची कॅप्सूल तिनं मागून घेतली आणि न सांगता जीभ वर केली. दुसऱ्या दिवशी कोयता तिच्या हाती देऊन मी परतीची एसटी धरली.

घरी आले तेव्हा ह्यांनी माझे हात बघितले आणि चहा स्वतः केला. त्या चिरा कधीच बुजल्या. काय राहिलं म्हणाल, तर गेल्या महिन्यात मला पोटाचं इन्फेक्शन झालं. डॉक्टरनं कॅप्सूल दिल्या, दोन दिवसांत बरं वाटलं, म्हणून पाकीट मी आरशामागं सरकवलं. कांता हल्ली सेलूत राहते, तिथून भेटायला आली होती. आता आजी झालीय, गुडघे दुखतात. वेणी घालायला आरशाशी गेली ती पाकीट आणि पाण्याचा तांब्या घेऊनच माझ्यासमोर आली.

"घे," म्हणाली.

मी कॅप्सूल घेतली. ती हलली नाही.

"आता जीभ वर कर."