पलंगाखालची गिटार

पिट्सबर्गमधल्या ओटिसच्या गिटार-दुरुस्तीच्या दुकानात आम्ही पेन्शनवाले दर शनिवारी जमतो. पातळ कॉफी पितो आणि जुन्या जॅझ गिटारींवर तावातावाने बोलतो. कुणाचा अँप्लिफायर अजून मूळच्या काचेच्या व्हॉल्व्हवर चालतो, कुणाच्या गिटारीची एक खुंटी बदललेली आहे, तेच तेच. वाजवतं कोण, हे मात्र विचारू नका. मला त्या बोलण्याचा आताशा वीट येतो, तरी जातो. घरी तरी काय करायचं?

एल्विन प्रुइट हा आमच्यातला मानाचा माणूस. पोलादाच्या कारखान्यात जन्म गेला. पोटाला चिमटा काढून घेतलेली त्याची पोकळ, फुगीर अंगाची गिटार दुसऱ्या महायुद्धाच्याही आधीची होती. तिचा एकही भाग बदललेला नव्हता, अगदी लाकडाला ओरखडे पडू नयेत म्हणून तारांशेजारी बसवलेली सेल्युलॉइडची पट्टीसुद्धा. ही पट्टी आता घामेजायला लागलीय, तिची वाफ गिटार खाईल, काढून वेगळी ठेव, असं ओटिसने त्याला बजावलं होतं. त्यावर सगळे ओटिसवरच तुटून पडले. "मूळची आहे ती. हात लावायचा नाही," एल्विन म्हणाला. गिटार पेटीत गेली आणि पेटी पलंगाखाली.

त्याची बायको जरल्डीन, तिचे कान हळूहळू जात होते. कान पुरते जायच्या आत ती गिटार पुन्हा ऐकायची, एवढंच तिचं मागणं. लग्नाआधी तो तिच्या जिन्यात बसून तीच वाजवायचा. पण एल्विन कधी म्हणे हवा दमट आहे, कधी म्हणे हीटरने लाकूड तडकेल. सरावाची स्वस्त गिटार तो रोज वाजवायचा. ती तिने मागितली नव्हती.

गेल्या शनिवारी तो पेटी घेऊन दुकानात आला. लग्नाचा वाढदिवस होता, नव्या तारा चढवायच्या होत्या. जरल्डीनही आली होती, चर्चला घालायची टोपी घालून. ओटिसने झाकण उघडलं तसा नाकात झोंबणारा आंबूस वास आला. पट्टीचा भुगा झाला होता. बंद पेटीत कोंडलेल्या तिच्या वाफेने तारा हिरव्या पडल्या होत्या, पॉलिश उडून लाकूड काळवंडलं होतं. आमच्यातला एक जण किंमत किती उतरली ते सांगू लागला. मला त्याचा संताप आला.

ओटिसने भुगा पुसला, तारा चढवल्या. एल्विन वाजवू लागला. बोटं जड झालेली, पण सूर भरदार आणि ऊबदार. माझे डोळे भरून आले. जरल्डीन त्याच्या बोटांकडे एकटक बघत होती. मग तिने त्या काळवंडलेल्या लाकडावर तळहात ठेवला.

"इथं थरथरतंय," ती जरा मोठ्यानेच म्हणाली.

एल्विन थांबला. तिला कळावं म्हणून ओठ नीट हलवत त्याने विचारलं, "ऐकू येतंय?"

"नाही रे. पलंगाखाली होती ना, तेव्हा कान होते मला," ती म्हणाली. हात तिने काढला नाही. "थांबू नकोस, वाजव."