ज्याला पाणी दिलं नाही

"तुम्हाला पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर आहे," धाराशिवच्या मानसोपचार डॉक्टर बाई म्हणाल्या. म्हणजे जिवावरचा प्रसंग संपून जातो, पण तो संपल्याचं मेंदूला कळत नाही. मी पहिलं काय विचारलं, तर हे कागदावर लिहिणार का. लिहिलं तर पिस्तूल जाईल आणि ठाण्यात 'येडी मॅडम' हे नाव पडेल, एवढंच डोक्यात होतं.

मी पोलीस उपनिरीक्षक आहे. माझ्यासारखी वेळ ज्यांच्यावर येईल, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

येरमाळ्याच्या बाजूला एका फरार आरोपीला धरायला आम्ही गेलो होतो. भर दुपारी तो तुरीच्या रानातून उठला आणि त्यानं भोसले हवालदारांच्या खांद्यात कोयता घातला. दुसरा वार मानेवर बसणार होता. मी इशारा दिला आणि गोळी झाडली. शिकवलं होतं तशीच, कमरेच्या खाली. तरी त्याच्या मांडीतली मोठी रक्तवाहिनी फुटली.

जीपमधला टॉवेल मी त्या जखमेवर दाबून धरला. अँब्युलन्स लांब होती. त्यानं पाणी मागितलं. अशा जखमीला ऑपरेशन लागतं, त्याला पाणी द्यायचं नसतं, हेही शिकवलेलं होतं. मी नाही म्हणाले. "ताई, एक घोट," तो म्हणाला. मी पुन्हा नाही म्हणाले. अँब्युलन्स आली तेव्हा तो गेलेला होता.

माझं पिस्तूल तपासणीला गेलं. पुन्हा पुन्हा जबाब झाले. तू जेवलीस का, हे कुणी विचारलं नाही. मग सत्कार सुरू झाले. चौकात माझ्या फोटोचा फ्लेक्स लागला, खाली 'वाघीण' लिहिलेलं. स्टेजवर भोसले हवालदार जखमी हात गळ्यातल्या झोळीत अडकवून उभे होते. 'मॅडमनी असा टिपला' म्हणत त्यांनी तो माणूस कसा कोसळला ते करून दाखवलं. लोक हसले, टाळ्या पडल्या. माझ्या खांद्यावर शाल होती आणि पाठीवरून घाम वाहत होता.

घरी नळाला पाणी आलं की माझी छाती धडधडायची. भांड्यात पडणाऱ्या धारेत त्याचा आवाज यायचा. यालाच फ्लॅशबॅक म्हणतात, म्हणजे आठवण येत नाही, आपण पुन्हा तिथंच असतो. आधी मी हृदयाच्या डॉक्टरकडं गेले. ईसीजी चांगला, थायरॉइड चांगलं. रिपोर्ट बघून नवरा म्हणाला, "गोळी त्याला लागली, तुला न्हाय." तो लोहाऱ्याला शिक्षक आहे, पोरांवर कधी हात उचलत नाही.

येडेश्वरी देवीचा नैवेद्य करायच्या दिवशी मी पुरणाला हात लावला. सासूबाईंनी पातेलं ओढून घेतलं. आवाज न चढवता म्हणाल्या, "देवाच्या सैपाकाला हात लावू नको. त्या हातानं माणूस मेलाय."

मी तशीच ड्यूटीवर गेले. तिथं एका तक्रारदार बाईनं तिच्या बाळासाठी पाणी मागितलं आणि मी सगळ्यांसमोर खाली बसले. दुसऱ्या दिवशी मानसोपचाराच्या रांगेत होते. शेजारच्या आजींनी वर्दी बघून विचारलं, "कुणाला घिऊन आलाव, मॅडम?"

"मलाच," मी म्हणाले. त्या थोड्या सरकून बसल्या.

गोळ्या सुरू झाल्या. त्यासोबत एक्स्पोजर थेरपी, म्हणजे ज्याला भितो त्याच्यासमोर हळूहळू उभं राहायचं. टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवून मला तो प्रसंग पहिल्यापासून सांगावा लागायचा. डॉक्टर बाई थांबवत नसत, कीवही करत नसत. मी त्यांना मनातून शिव्या दिल्यात. पुढं त्यांनी सांगितलं, त्या वेळी तिथं असलेल्या कुणाला तरी आणा.

भोसले हवालदार नाखुशीनं आले. खुर्चीच्या कडेला बसले. मी प्रसंग सांगत पाण्यापर्यंत आले आणि अडले. तेव्हा ते खाली बघत बोलले, "मॅडम, ते पाणी मागणं मला बी रोज ऐकू येतंय. दुसरं कायतरी ऐकू यावं म्हणून म्या लोकान्ला हसवीत फिरतो."

डॉक्टर बाईंनी त्यांचाही केसपेपर काढायला लावला.

चौकशीत माझी गोळी योग्य ठरली. ते कागदावर आलं, तोंडानं कुणी सांगितलं नाही. सासूबाई अजूनही नैवेद्याला मला हात लावू देत नाहीत. मी आता ते मागत नाही. मात्र नळाला पाणी आलं की घागर मीच भरते.

मध्यंतरी दुसऱ्या ठाण्यातल्या एका तरुण उपनिरीक्षकाला गोळी चालवावी लागली. लगेच सत्काराची तयारी. मी वरिष्ठांना म्हणाले, आधी त्याला रजा द्या, डॉक्टरांना दाखवा. ते म्हणाले, "सगळेच तुमच्यासारखे कच्चे नसतात."

मी आणि भोसले सुट्टी काढून त्याच्या घरी जायला तामलवाडीच्या एसटीत बसलो. त्याची बायको दारातच म्हणाली, ते झोपलेत. आतून टीव्हीचे चॅनेल एकामागून एक बदलल्याचा आवाज येत होता. आम्ही ओट्यावर बसून राहिलो. ऊन सरकलं तसे आम्हीही सरकलो. उठून जा असं तिनं दोनदा सुचवलं.

शेवटी तो बाहेर आला. दाढी वाढलेली. आम्हाला नमस्कारही न करता त्यानं विचारलं, "तुम्हाला झोप कधी लागली?"

"सांगते," मी म्हणाले. भोसल्यांनी सरकून त्याला जागा करून दिली.