डाव्या हाताची माणसं

सकाळची शिफ्ट संपवून तळवड्याच्या कारखान्याच्या गेटबाहेर पडत होतो, तेवढ्यात नामदेवच्या बायकोचा, कमलवहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे गेले हो..." दुपारी जरा आडवा झालेला नामदेव उठलाच नाही. याला आता दीड महिना होईल.

नामदेव लातूरकडचा. एकाच कारखान्यात आम्ही वीस वर्षं पत्रा कापायच्या शेजारशेजारच्या प्रेसवर काम केलं. सुटीच्या दिवशी तो लघुचित्रं काढायचा. कृष्ण, गोपी, यमुनेचा काठ... सगळं वहीच्या पानाएवढ्या कागदावर. त्याला शिकवलं कुणीच नाही. पुण्याच्या संग्रहालयात त्यानं एकदा जुनी चित्रं पाहिली आणि मग कित्येक रविवार तिथं काचेला नाक लावून उभा राहिला, एवढंच त्याचं शिक्षण. कागद गुळगुळीत दगडानं घोटायचा, शिंपल्यात रंग कालवायचा आणि चार केसांच्या ब्रशनं गाईच्या पापण्या काढायचा. तेव्हा त्याच्याशी बोललेलं त्याला ऐकूसुद्धा यायचं नाही.

गोवर्धनाचं चित्र त्यानं असंच वर्षभर पुरवलं. डोंगर झाला, तो करंगळीवर पेलणारा कृष्ण झाला, वरून कोसळणारा पाऊस झाला. खाली आसऱ्याला आलेल्या माणसांचे चेहरे तेवढे राहिले होते... आणि प्रेसमध्ये नामदेवच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

दवाखान्यात त्याचा बांधलेला हात पाहून मलाच रडू आलं. तोच म्हणाला, "राव, तू कशाला रडायलास? देवानं पण डोंगर डाव्याच हातावर उचललाय की."

बोलून गेला खरा, पण पुढची दोन वर्षं मी पाहिली आहेत. त्याला कारखान्याच्या स्टोअरमध्ये बसवलं होतं. घरी आल्यावर रद्दी पेपरवर डाव्या हातानं नुसत्या रेघा ओढत बसायचा. एकदा वैतागून सगळे ब्रश वहिनींच्या हातात दिले, "टाकून दे." वहिनींनी ते पिठाच्या डब्यामागं ठेवले. आठवड्यानं त्यानंच मागून घेतले.

शेवटी चेहरे रंगले. कुणाचा डोळा मोठा, कुणाची हनुवटी कललेली. चिंचवडच्या एका प्रदर्शनात एक जाणकार गृहस्थ त्या चित्रापाशी बराच वेळ थांबले. म्हणाले, "कृष्ण अप्रतिम आहे. खालची माणसं तेवढी कुणाकडून तरी नीट करून घ्या, मी लगेच घेतो."

नामदेवनं हात जोडले. "न्हाई साहेब. ह्या माणसांनाच जास्ती कष्ट पडलेत."

चित्र त्यानं घरी आणलं. त्यानंतर दहाएक वर्षं तो डाव्या हातानंच काढत राहिला, आणि माणसं सुधारत गेली.

गेल्या आठवड्यात पिंपळे सौदागरला त्याच्या घरी गेलो होतो. वहिनींचा कसलासा अर्ज भरायचा होता, म्हणून त्याच्या टेबलाशी बसलो. लिहायला लागलो, तर माझ्याच हाताची सावली कागदावर पडू लागली. कागद सरकवून पाहिला, खुर्ची सरकवून पाहिली... मग लक्षात आलं, खिडकी उजवीकडं आहे. डाव्या हाताला उजेड मिळावा म्हणून त्यानं टेबल फिरवून घेतलं होतं.

"फिरवून देऊ का, भाऊजी?" वहिनींनी विचारलं.

"नको," म्हटलं, आणि अर्ज तसाच सावलीत पुरा केला.