मामंजींच्या हौदातली पसाई

पहिला घास हातात घेऊन मामंजी विचारायचे, "हा भात कुठून आला, सूनबाई?" लग्नानंतर पहिल्याच दिवशी मी "वाण्याकडून" म्हणाले आणि पानावरून उठेपर्यंत भाताचा इतिहास ऐकला. चीनमधल्या मोठ्या नदीकाठी तो माणसाळला, होड्यांतून बेटाबेटांवर गेला, अरबांनी स्पेनपर्यंत पोचवला, आफ्रिकेतून गुलामांबरोबर समुद्रापार गेला. "हसत कुणी नेला नाही," हे त्यांचं ठरलेलं शेवटचं वाक्य. तोवर ताटातला भात गार. तो पुन्हा गरम करायला मी उठायचं.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, झाशीला रेल्वेत होते. निवृत्तीनंतर प्रेम नगरच्या घराच्या गच्चीवर चार हौद बांधून त्यांनी पसाई लावली. पसाई म्हणजे इथल्या तळ्यांत आपसूक उगवणारा रानभात. पिकला की त्याचा दाणा पाण्यात गळून जातो. मामंजी गळलेले दाणे सोडून द्यायचे आणि लोंबीला धरून राहिलेलेच पुढच्या वर्षी पेरायचे. पहिल्या शेतकऱ्यांनी रानगवताचा भात असाच केला, हे त्यांना स्वतः करून दाखवायचं होतं. बारा वर्षं ते हे करत होते. दरवर्षी गळ थोडी कमी व्हायची, तशी वहीत नोंद व्हायची. एवढी चिकाटी मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही.

माझं दुसरं मूलही पोटातच गेलं. मी इस्पितळातून घरी आले तेव्हा मामंजी सूप घेऊन दाणे निवडत बसले होते. नवऱ्याला म्हणाले, "टिकत नाही ते बियाण्यात ठेवायचं नसतं. तुझं अजून वय आहे. विचार कर."

"बाबा, ती इथेच आहे."

"ऐकू दे की. खोटं आहे का?"

नवऱ्याने माझी पिशवी उचलून आत नेली.

पुढे एका ज्येष्ठात मामंजींची उजवी बाजू गेली. जीभ शाबूत राहिली. बियाण्याचा डबा माझ्या ताब्यात आला. रोज विचारायचे, "पेरलंस?" मी म्हणायचे, "पेरलं." त्यांची आंघोळ, औषधं, कपडे, सगळं मी वेळच्या वेळी केलं. पेरलं नाही.

हरछठच्या आदल्या दिवशी शेजारच्या मिश्रा भाभी आल्या. मुलांसाठी हा उपास करणाऱ्या बायका नांगर न लागलेलंच धान्य खातात.

"दीदी, पसाई के चावल पूरे बाजार में नहीं मिले. बाबूजी के पास होंगे क्या?"

"हैं. शाम को ले जाना."

मी डबा उखळापाशी नेला. चार घाव पडले नाहीत तोच आतून आवाज आला.

"काय कांडतेस?"

"पसाई."

"कुठली?"

"डब्यातली."

खाट करकरली. मग म्हणाले, "मूठभर ठेव, सूनबाई."

मी कांडत राहिले. डबा रिकामा झाल्यावर तांदूळ पाखडून भाभींना देऊन आले.

मामंजी छताकडे बघत पडले होते. "वही घे," म्हणाले. "लिही, बियाणं उंदरांनी खाल्लं."

त्यांच्या शेवटच्या नोंदीखाली मी लिहिलं, 'सगळं बियाणं सुनेने कांडलं,' आणि वही त्यांच्यासमोर धरली. त्यांनी चष्मा मागितला. दोनदा वाचलं.

"तारीख राहिली."

मी घातली. त्यानंतर कार्तिकात जाईपर्यंत ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत, आणि मीही बोलायला गेले नाही.