गायरानावरचा राखणदार

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, त्याची माफी असावी. चौथीपर्यंतच शिकले. पण आमच्या राखणदाराबद्दल लिहून ठेवावंसं वाटतं.

सौर कंपनीने गायरानाला तारेचं कुंपण घातलं. वरच्या वस्तीला नोकऱ्या दिल्या, आमच्या वस्तीला काहीच नाही. फाटकावर बंदूक देऊन या राखणदाराला बसवलं. परगावचा, जंगलातल्या लढाईवर जाऊन आलेला निवृत्त जवान. बोलताना तो माणसाकडे बघायचा नाही, झुडपांकडे बघायचा. माझ्या शेळ्यांना स्वतःच्या कॅनमधलं पाणी पाजायचा.

एकदा मी धीर करून विचारलं, "तिकडं जंगलात लढाई कशाची हुती?"

"तिकडं बी आधी कुंपणच आलं, ताई. जमिनीत लोखंड हुतं. एका पाड्याला पगार, दुसऱ्याला काठी. मग दोन्हीकडची उपाशी पोरं एकमेकांवर उठली. आमी तरी काय, पगारासाठीच गेल्तो."

उन्हाळ्यात चारा संपला. आमची माणसं दगड घेऊन फाटकावर गेली, आतून वरच्या वस्तीची माणसं काठ्या घेऊन आली. त्याने बंदुकीतल्या गोळ्या काढून खिशात टाकल्या आणि फाटक उघडलं. "ताई, आधी शेळ्या घाला आत." शेळ्या दोन्ही जमावांच्या मधे पसरल्या आणि माणसं थबकली. त्या दिवशी कुणाचं डोकं फुटलं नाही.

दुसऱ्याच दिवशी कंपनीने त्याला काढलं. आता फाटकावर माझा सख्खा दीर असतो, पगारी. आज शेळ्या तारेजवळ गेल्या तसा तो बंदूक घेऊन उठला.

"वैनी, मागं सरा."